चिलिकेचं चालतं मुख

गंजामहून पुरीला समुद्रकाठाने जाणारी वाट वाळूची होती. डावीकडे चिलिका सरोवर, उजवीकडे बंगालचा उपसागर आणि मधे पुळणीची चिंचोळी पट्टी. ८ सप्टेंबर १८०३ रोजी ईस्ट इंडिया कंपनीची फौज लेफ्टनंट कर्नल हार्कोर्टच्या हाताखाली या वाटेला लागली. पावसाळा अजून सरला नव्हता. सहा दिवसांनी, १४ तारखेला, फौज माणिकपाटण्याला पोचली. इथे वाळूची पट्टी तुटत होती, कारण चिलिका समुद्राला मिळते ते मुख इथे होतं. पलीकडच्या तीरावर नरसिंहपाटणा, आणि तिथून पुरीपर्यंत पुन्हा सलग वाळू.

माणिकपाटण्याला नागपूरकर भोसल्यांची चौकी होती. भरती-ओहोटीचा ओढा असलेलं पाणी, त्यावर तोफा आणि बैल होड्यांतून पार न्यायचे, समोरच्या तीरावर थोडी माणसं नेटाने उभी राहिली असती तरी फौज अडली असती. पण फतेह महंमद हा तिथला अंमलदार कंपनीला मिळाला आणि चौकीवरचे लोक न लढता मागे हटले. मुख ओलांडून १८ सप्टेंबरला फौज जगन्नाथपुरीत शिरली. त्यानंतर पाचच दिवसांनी, २३ सप्टेंबरला, इकडे असईच्या रणात शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला. १४ ऑक्टोबरला कटकचा बाराबती किल्ला पडला आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहात दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी कटक प्रांत सोडून दिला. फतेह महंमदाला बक्षीस म्हणून चिलिकेकाठचा मालूदचा मुलूख करमुक्त मिळाला.

आपल्याकडे असई, अडगाव, गाविलगड यांच्यावर पानंच्या पानं लिहिली गेली. माणिकपाटण्याच्या वाट्याला एखादी ओळ येते, तीही ‘फौज पुढे सरकली’ एवढ्यापुरती. मला मात्र त्या पाण्याच्या पट्ट्याचं कुतूहल वाटत राहिलं. एका प्रांताचं दार ज्या जागी होतं, ती जागा पुढे तिथे राहिलीच नाही. हार्कोर्टने ओलांडलेलं मुख शोधत आज कोणी गेलं तर त्याला बहुधा वाळूत रुजलेलं सुरूचं बन दिसेल. समुद्राचं तोंड केव्हाच दुसरीकडे निघून गेलं आहे, आणि तेही पहिल्यांदा नव्हे.

चिलिका हे खाऱ्या-गोड्या पाण्याचं खाजण सरोवर, आशियातलं सर्वांत मोठं. उन्हाळ्यात त्याचा पसारा नऊशे चौरस किलोमीटरच्या आसपास असतो, पावसाळ्यात तो साडेअकराशेच्या वर जातो. उत्तरेकडून महानदीच्या दया, भार्गवी, लूणा या शाखा त्यात गोडं पाणी आणि गाळ आणून टाकतात. पश्चिमेच्या डोंगरांतून लहानमोठे ओढे येतात. दया म्हणजे धौलीच्या पायथ्याची तीच नदी, जिच्या काठी अशोकाचं कलिंगयुद्ध झालं असं मानतात. पूर्वेला समुद्र आहे, पण तो उघडपणे भेटत नाही. मगरमुख नावाच्या जागेपाशी सरोवराचं पाणी एका लांब खाडीत शिरतं, ती खाडी किनाऱ्याला समांतर धावत राहते आणि कुठेतरी वाळू फोडून समुद्रात उतरते.

सगळा इतिहास त्या ‘कुठेतरी’मध्ये आहे.

सहा-सात हजार वर्षांपूर्वी, हिमयुगानंतर चढत आलेला समुद्र थबकला, तेव्हा आजच्या चिलिकेच्या जागी उथळ उपसागर होता आणि लाटा पश्चिमेच्या टेकड्यांच्या पायथ्याशी फुटत होत्या. या उपसागराच्या तोंडावर पुढे वाळूचा दांडा वाढत गेला. ही वाळू येते दक्षिणेकडून. ओडिशाचा किनारा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे तिरपा गेला आहे आणि पावसाळ्यातल्या लाटा त्याच्यावर दक्षिणेकडून तिरक्या येऊन आपटतात. लाट वर चढताना वाळूचा कण तिरका चढतो, परतताना उताराच्या रोखाने सरळ खाली येतो. म्हणजे प्रत्येक लाटेसरशी तो पुरीच्या दिशेने हातभर पुढे गेलेला असतो. हिवाळ्यात वारा फिरला की थोडी वाळू उलटी सरकते, पण पावसाळ्याचा हिशेब त्याने फिटत नाही. वर्षाअखेर दहा लाख घनमीटरच्या आसपास वाळू या किनाऱ्यावरून ईशान्येकडे गेलेली असते. दहा घनमीटरचा डंपर धरला तर लाखभर डंपर! किनाऱ्याला लागून वाहणारी ही वाळूची नदीच आहे, आणि ती चिलिकेच्या मुखावरून आडवी जाते.

मुख उघडं राहतं ते पाण्याच्या जोरावर. भरतीला समुद्र आत शिरतो, ओहोटीला तेच पाणी, वर नद्यांचं पाणी घेऊन, बाहेर धावतं आणि तोंडाशी साचलेली वाळू झाडून नेतं. जितकं जास्त पाणी आत-बाहेर करेल तितकं मुख रुंद. अमेरिकन अभियंता मॉरो ओब्रायन याने १९३१ साली हे नातं आकड्यांत बसवून दाखवलं, पण मुखाशी जाळं टाकणाऱ्याला ते त्याच्या शेकडो वर्षं आधी ठाऊक असणार. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशीही भरती-ओहोटीतला फरक दोन-सव्वादोन मीटरच्या पुढे फारसा जात नाही. एवढ्या जोरावर दहा लाख घनमीटर वाळूशी झुंजायचं!

झुंज सरळ होत नाही. वाळू मुखाच्या दक्षिण कडेला साचते, तिथला दांडा जिभेसारखा ईशान्येला वाढतो. पाण्याला जागा तर हवीच, म्हणून ते उत्तर कड खात जातं. मुख असं एक बाजू भरत आणि दुसरी पोखरत चालत राहतं. त्याच्या मागे सरोवराला जोडणारी खाडी लांबत जाते, आणि लांब खाडीत भरतीचा जोर घासून संपतो. आत पाणी कमी शिरलं की बाहेर कमी येतं, मुख आणखी आकसतं. मग एखाद्या वर्षी महापूर किंवा वादळ येतं, दांडा त्याच्या बुडाशीच फुटतो, पाण्याला जवळची वाट सापडते आणि जुनं मुख मरतं. नवं मुख पुन्हा चालू लागतं. आपल्या कोकणात खाडीच्या तोंडाशी एका बाजूला तरी कातळाचा डोंगर उभा असतो. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या जागा त्यामुळे शतकानुशतकं त्याच राहिल्या. चिलिकेला तसा कातळ नाही. तिच्या मुखाला टेकायला काहीच नाही.

हे सगळं लोकांनी पाहिलं होतं आणि आपल्या पद्धतीने सांगूनही ठेवलं होतं. पुरीच्या परंपरेत रक्तबाहूची कथा आहे. हा समुद्रावरचा राजा जगन्नाथपुरी लुटायला मोठं आरमार घेऊन आला आणि दूर नांगरून राहिला. पण त्याच्या हत्ती-घोड्यांची लीद आणि वैरण वाहत किनाऱ्याला लागली, पुरीकर सावध झाले आणि देवाला घेऊन पळाले. रिकामं नगर पाहून रक्तबाहू समुद्रावरच चिडला. त्याची फौज समुद्रावर चालून गेली, समुद्र मागे हटला, फौज आत शिरली, आणि मग समुद्र परत फिरला. सैन्य बुडालं, जमीन बुडाली, चिलिका झाली. या कथेतला राजा कोण आणि काळ कोणता, यावर इतिहासकारांनी वाद घालावेत. मला महत्त्वाची वाटते ती लीद. भर समुद्रातली वस्तू या किनाऱ्यावर ठराविक दिशेने वाहत येते, हे ज्याने आयुष्यभर पाहिलं आहे त्यालाच असा तपशील सुचतो.

माणिकपाटण्याचं नावही अशाच एका कथेतून आलं आहे. पंधराव्या शतकातला गजपती पुरुषोत्तमदेव कांचीवर चालून निघाला, तेव्हा जगन्नाथ आणि बलभद्र त्याच्या पुढे दोन घोड्यांवरून गेले आणि वाटेत माणिक नावाच्या गौळणीकडून दही घेऊन प्यायले. दाम म्हणून अंगठी दिली, ती राजाने ओळखली, आणि गाव माणिकचं झालं. कथेतली ही वाट उलट्या दिशेने पाहिली तर हार्कोर्टचीच आहे. राजे, यात्रेकरू, मीठवाले, दरोडेखोर, सगळे याच वाळूवरून गेले.

आणि गलबतंही इथेच येत. टॉलेमीने दुसऱ्या शतकात पलौरा नावाचं ठिकाण नोंदवलं आहे आणि सुवर्णभूमीकडे जाणारी जहाजं त्याच्या जवळून किनारा सोडतात असं म्हटलं आहे. चिलिकेच्या दक्षिण टोकाशी पालूर गाव आहे; बहुतेक अभ्यासक पलौरा म्हणजे हेच पालूर असं मानतात. माणिकपाटण्याच्या उत्खननात तर थर उलगडत गेले: रोमशी व्यापाराच्या काळातली मातीची भांडी, सिंहली राजाचं नाणं, चिनी सेलाडॉन आणि पोर्सेलिनचे तुकडे. एवढ्याशा मच्छीमार गावाच्या पोटात अर्धा हिंदी महासागर सापडला. वादळी समुद्रातून मुखाने आत आलं की चिलिकेचं निवांत पाणी, याहून चांगला आसरा या सरळसोट किनाऱ्यावर दुसरा नव्हता. पण आसऱ्याचं दार चालतं होतं. बंदर गावाला चिकटून राहतं, मुख राहत नाही. माणिकपाटण्याचा व्यापार का संपला याला युरोपीय जहाजांपासून राजवटींच्या पडझडीपर्यंत अनेक कारणं दिली जातात. आकसत्या मुखाला त्यात मी तरी वरची जागा देईन.

१७५१ साली अलीवर्दीखानाशी झालेल्या तहाने ओडिशा नागपूरकर भोसल्यांच्या हाती आला आणि बावन्न वर्षं राहिला. या काळाबद्दल इंग्रज लेखकांनी लुटीपलीकडे काही लिहिलं नाही, तर आपल्या लोकांनी पुरीच्या देवळाला दिलेल्या दानांपलीकडे फारसं पाहिलं नाही. चिलिकेकाठचं खरं धन मीठ होतं. पारिकूद, मालूद या भागात उन्हाने आटवलेलं करकच मीठ पिकत असे, आणि ते पिकायला खारं पाणी मुखातूनच यावं लागे. मुख रुंद असलं की मीठ चांगलं, मासळी चांगली. मुख आकसलं की दोन्ही बेताचं. मराठ्यांच्या शेवटच्या दशकांत ते आकसतच होतं. नोंदींप्रमाणे १७८० च्या सुमारास मुख दीड किलोमीटर रुंद होतं; १८२५ पर्यंत ते निम्म्यावर आलं. गावकऱ्यांना आपल्या होड्या समुद्रात नेण्यासाठी वाळू खोदून वाट मोकळी करावी लागे. भोसल्यांची सत्ता गेली, कंपनीची आली, मिठावर मक्ता बसला, पण फावडी घेऊन मुखाशी जाणारे हात तेच राहिले.

मुखं बुजलेल्या किनाऱ्याची किंमत १८६६ साली कळली. आदल्या वर्षी पाऊस लवकर संपला होता, भाताचं पीक गेलं होतं आणि सरकारने धान्य मागवायला अक्षम्य उशीर केला. ते मागवलं तोवर पावसाळा तोंडावर आला होता. ओडिशाच्या किनाऱ्यावर मोठ्या जहाजाला आत घेईल असं मुख नाही. तांदूळ घेऊन आलेली जहाजं फेसाळत्या लाटांबाहेर खोळंबली आणि काठावर माणसं मरत राहिली. त्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली असं मानतात, दर तिघांत एक. दोष वाळूचा नव्हता, राज्यकर्त्यांचा होता. पण पावसाळ्यात हा किनारा बंद होतो, हे मच्छीमाराला माहीत असलेलं सत्य कमिशनरच्या कचेरीत कोणीच वेळेवर मांडलं नव्हतं.

विसाव्या शतकात हिशेबाची दुसरी बाजू बिघडली. १९५७ साली महानदीवर हिराकूड धरण झालं. पूर आवरले गेले, त्याने लाखो लोकांची घरं वाचली. पण मुख झाडून नेणारा पुराचा लोंढाही मंदावला. वरच्या भागातली जंगलं तुटत होती, सरोवरात गाळ भरत होता. मुख ईशान्येकडे अरखकुदापर्यंत चालत गेलं आणि खाडी पंचवीस-तीस किलोमीटर लांब झाली. समुद्र आत पोचेनासा झाला. पाणी गोडं होत गेलं तशी पाणवनस्पती माजली. होडीच्या वल्ह्याला वेल गुंडाळू लागले. कोळंबी आणि बोई ही जातच अशी की समुद्रात जन्मायचं आणि वाढायला खाजणात यायचं. दारच चोंदलं तर येणार कुठून? १९८०च्या दशकाच्या मध्याला वर्षाला साडेआठ हजार टनांच्या आसपास निघणारी मासळी १९९५-९६ला तेराशे टनांच्या खाली गेली.

याच वर्षांत बाहेरचा पैसा कोळंबीच्या शेतीसाठी चिलिकेत उतरला. पिढ्यान्‌पिढ्या बांबूच्या कुडांचे ‘जानो’ घालून मासे धरणाऱ्या केउट, कंडरा, तियर या जातींच्या पाण्यात इतरांनी बांध घातले. १९९२ साली चिलिका बचाओ आंदोलन पेटलं. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरोवरापासून हजार मीटरांत कोळंबीची शेती नको असा निकाल दिला, पण बांध राहिले. मे १९९९ मध्ये सोराणा गावात पोलिसांच्या गोळीबारात चार माणसं मेली. त्यांचा झगडा कोळंबीच्या या बांधांविरुद्ध, म्हणजे घेरींविरुद्ध, होता हे खरं, पण तळाशी घटत्या मासळीची भीती होती. १९८१ साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या यादीत गेलेलं हे सरोवर १९९३ साली त्याच कराराच्या धोक्यातल्या पाणथळ जागांच्या यादीत, माँत्रो नोंदीत, टाकावं लागलं.

आता गोष्ट पुन्हा आपल्याकडे येते. चिलिका विकास प्राधिकरणाने मुखाचा प्रश्न अभ्यासाला दिला तो पुण्याजवळ खडकवासल्याला असलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राकडे. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या कालव्यांसाठी सुरू झालेली ही संस्था. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही या किनाऱ्यावरून किती वाळू वाहते याचा अभ्यास केला होता. समुद्रापासून पार आत, मुठेच्या काठी, चिलिकेची भरती-ओहोटी प्रतिकृतीत आणि संगणकावर उतरली. प्रश्न साधा होता: जुनं मुख उपसत बसायचं, की दांडा दुसरीकडे कापायचा? उत्तर मिळालं की सातपाड्याजवळ सिपकुदाला कापा. खाडी अठरा किलोमीटरने आखूड होईल.

म्हणजे वादळ जे करतं तेच करायचं होतं, फक्त जागा आणि वेळ निवडून. या निर्णयाचं मला खरोखर कौतुक वाटतं. सिमेंटच्या भिंती घालून मुख कायमचं जखडायचा मोह अभियंत्यांना जगभर झाला आहे. तिथे भिंतीच्या एका बाजूला वाळूचा डोंगर झाला आणि दुसऱ्या बाजूचा किनारा खचत गेला. इथे त्यांनी चालत्या मुखाला चालतं ठेवलं.

२३ सप्टेंबर २००० रोजी सिपकुदाचा दांडा कापला गेला. असईची तारीख, एकशे सत्त्याण्णव वर्षांनंतरची. पावसाळ्याच्या शेवटी सरोवर तुडुंब असतं, म्हणून हा महिना सोयीचा. आतल्या पाण्याचा भार समुद्राकडे धावला आणि माणसांनी खोदलेला चर पाण्याने स्वतःच रुंदावला. त्यानंतर जे घडलं त्याचा वेग जाणकारांनाही अपेक्षित नसावा. १९९९-२००० मध्ये साडेसतराशे टन असलेली मासळी पुढच्या वर्षी पाच हजार टनांच्या आसपास आणि त्याच्या पुढच्या वर्षी बारा हजार टनांच्या आसपास गेली. खारेपणा वाढला तसं गोड्या पाण्यातलं तण मागे हटलं. २००२ साली चिलिका माँत्रो नोंदीतून बाहेर आली. आशियातलं असं हे पहिलं ठिकाण. रामसर कराराचा पुरस्कारही त्याच वर्षी मिळाला. घेरींचा प्रश्न, जातींमधली भांडणं, दलालांची सावकारी यांतलं काही त्या चरातून वाहून गेलं नाही. पण ज्याच्यावरून भांडायचं ते पाणी पुन्हा जिवंत झालं.

आणि नवं मुख लगेच चालू लागलं. दरवर्षी ते ईशान्येकडे सरकत होतं. ऑगस्ट २००८ मध्ये गबकुंदापाशी समुद्राने स्वतः दुसरं तोंड फोडलं आणि मोठ्या अभ्यासाने कापलेलं सिपकुदाचं मुख पुढे वाळूत बुजलं. १२ ऑक्टोबर २०१३ला फायलिन वादळ गोपाळपूरपाशी धडकलं, ३ मे २०१९ला फनी पुरीपाशी. दोन्ही वेळा दांडा नव्या जागी फुटला. फनीनंतर समुद्र एकाहून जास्त वाटांनी आत येत होता, आणि सरोवर फार खारं तर होणार नाही ना, अशी उलटी काळजी काही महिने लागली. मग वाळूने आपलं काम केलं, काही तोंडं मिटली.

सातपाड्याच्या धक्क्यावरून आज पर्यटकांच्या होड्या निघतात. लोक इरावती डॉल्फिन पाहायला आलेले असतात. सरोवरात ते दीडशेच्या आसपास आहेत आणि खाडीच्या याच भागात मासे धरतात. त्यानंतर होडी ‘सी माउथ’ दाखवायला जाते. तिकीटघराजवळच्या फलकावर सरोवराचा नकाशा आहे, त्यात मुख रंगवलेलं आहे. होडीवाला त्याच्याकडे पाहत नाही. पावसाळा उलटला की तो आधी एकटा जाऊन पाणी कुठे पांढरं फुटतंय ते बघून येतो, आणि मग पुढचे काही महिने होडी तिकडे नेतो.